इर्जिकीचं जेवण

इंद्रभानाला मुदतीच्या तापानं आडवं पाडलं, त्याला अठरा दिवस झाले. वावरातल्या खोपीत बाजेवर पडून होता बापडा, आणि पोटात टिकायचं ते फक्त शेळीचं दूध. इकडे उघाड पडली, पण सहा एकर ज्वारीत तण मांडीला लागलेलं. पाऊस परत लागायच्या आत बैलांचे डवरे फिरून ते निघालं नाही, तर वर्षाचं खाणं मातीत! मग त्याच्या बायकोनं, कोकिळानं, लाज गुंडाळून ठेवली आणि ती शेजारच्या गुलाबरावाच्या दारात गेली.

"इर्जिक घालू ना, वयनी! शेजार कायले असते?" गुलाबरावानं छाती ठोकली.

इर्जिक म्हणजे साऱ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं आणि त्यानं साऱ्यांना जेवू घालायचं.

सकाळी पाच डवरे आले. सहावा आपणहून आलेला पुंजाजी, बौद्धपुऱ्यातला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, पंगतीत बसवायचा कुठं म्हणून. कोकिळानं बाकीच्यांच्या हातात तांब्या दिला. पुंजाजीपुढे मात्र वरून पाणी ओतायला तांब्या उंच धरला.

"राहू द्या वयनी, माहा भोपळा हाये," म्हणत पाण्याचा वाळका भोपळा खांद्याला अडकवून तो बैलांमागे गेला. तिला त्यात काही वाटलं नाही.

दुपारी भाकरी, वरण, ठेचा वाढला. गुलाबराव सात भाकरी चेपून, ताट चाटूनपुसून वर ढेकर देऊन म्हणतो कसा, "कोरड्या भाकरीवर इर्जिक होते का, वयनी? थे शेळी कापा. रस्सा पोटात गेला का वावर साफ!"

"भाऊ, तिच्या दुधावर तं जीव हाये त्याह्यचा!"

"म्हशीचं देतो ना मी."

बाकीचे फिदीफिदी हसले. आत माणूस कण्हत होता आणि यांची जीभ शेळीच्या मांडीवर!

"नाई कापत," ती म्हणाली.

झालं! पाचही जणांनी डवरे उचलले. अर्धं वावर तसंच टाकून गेले, आणि वर उपकार केल्यासारखे ताठ मानेनं गेले मेले.

"थू तुमच्या मदतीवर!" कोकिळा पचकन थुंकली.

पुंजाजी राहिला. संध्याकाळपर्यंत, मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. बांधावर बसून स्वतःची शिदोरी खायचा. ज्वारीच्या ओळींमधलं शेवटचं तास निघालं, तेव्हा मेहकराकडं आभाळ काळं झालं होतं. ज्वारी वाचली.

"काऊन केलं भाऊ एवढं?" कोकिळाचे डोळे भरले.

"तन कोनाच्याबी वावरात तनच असते, वयनी."

तिनं घाईनं तांब्या भरून आणला. "घ्या भाऊ, पाणी घ्या."

आणि तिचा हात आपसूक वर गेला. पार त्याच्या डोक्याएवढा उंच.

पुंजाजीनं त्या हाताकडं पाहिलं. भोपळ्यातलं पाणी प्याला, तोंड पुसलं आणि बैल हाकत निघून गेला.

तीन दिवस कोकिळा गुलाबरावाच्या नावानं थुंकत होती. आताही तोंडात थुंकी आली, पण थुंकावं कोणावर ते तिला कळेना.