पेटीतला दात

“हलल्या! हलल्या!” सभागृहात एकच ओरडा झाला.

पडद्यावर हजारो पांढुरके ठिपके थरथरत होते. पांढऱ्या कोटातले हिराबायाशी सेन्सेई, म्हणजे गुरुजी, गरजले, “आईनं हाक मारली आणि लेकीच्या पेशी जाग्या झाल्या!”

ती आई म्हणजे माझी थोरली बहीण चिझुरु. तिची होनोका मधुमेही आहे, इन्सुलिनवर जगते. आमच्याकडे जपानात बाळाची वाळलेली नाळ लाकडी पेटीत जपतात. ताईनं दोन वर्षांपूर्वी होनोकाचा पडलेला दुधाचा दातही त्याच पेटीत ठेवला होता. सेन्सेईंनी आज तो ‘जीवनजला’त बुडवला आणि त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

“या पेशी वाढवून तिला टोचू. पण आजपासून इन्सुलिन बंद! त्यानं पेशी रुसतात.”

होनोकाच्या हातात भाताचा गोळा होता. जेवणाआधीची सुई ताईनं पर्समध्ये परत टाकली. मी तिचा हात धरला.

“ताई, सुई दे तिला. दात वाळला की आतला मगज मरतो. मी काम करते त्या मूळपेशींच्या प्रयोगशाळेत पडल्यापडल्या, ओला ठेवलेला दात लागतो.”

“तू गप गं! तुमच्या पेशी वाढायला आठवडे लागतात. इथं बघ!”

“मग पडद्यावर काय भुतं नाचतायत?” शेजारचे कुमागाई आजोबा म्हणाले.

होनोकानं सुलेखनाच्या दप्तरातून बाटली काढली. “मावशी, माझी शाई ठेवून बघायची? ती तर जिवंत नाही.”

“भिंग बाटेल!” सेन्सेई ओरडले.

“धुऊन देऊ की,” म्हणत आजोबा टेबलाला आडवे उभे राहिले.

मी पाण्यात तिची काजळीची शाई कालवून थेंब ठेवला. काळे ठिपके तसेच थरथरू लागले. मग दात न बुडवलेल्या जीवनजलाचा थेंब ठेवला. तोही नाचला.

“सेन्सेई, ही शाई कुणाची लेक?” आजोबांनी विचारलं.

सेन्सेईंनी पडद्याची वायर उपटली.

“पाण्याचे अदृश्य कण चारी बाजूंनी धक्के देतात, म्हणून कुठलीही बारीक भुकटी थरथरते; जीवनजलातही तीच आहे,” मी ताईला म्हणाले. “दातातल्या जिवंत मूळपेशी बशीच्या तळाला चिकटतात, लांबट होतात, सावकाश दुणावतात. नाचत नाहीत.”

ताईनं पर्स उघडली, सुई काढली. होनोकानं शर्ट वर केला आणि टोचून झाल्यावर भाताचा पहिला घास घेतला.

दुधाच्या दातातून मूळपेशी मिळतात, हे खरं. त्यांनी असा मधुमेह बरा होतो, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तोवर औषध सोडू नका. आणि कुणी पडद्यावर जीव नाचवून दाखवला, तर आधी काजळीच्या शाईचा एक थेंब ठेवायला सांगा.