दिल्लीवाल्या बाईचं सोंग

करडी गावच्या दंडारीत, म्हणजे सोंगांच्या खेळात, लुगडं नेसावं ते सुखरामनंच. राणी, सासू, सवत, सगळी सोंगं त्यानं पार पाडली होती. पण सत्त्याहत्तरच्या मंडईच्या जत्रेला गावानं जे सोंग त्याच्या गळ्यात मारलं, त्यानं त्याची झोपच उडाली. दिल्लीवाल्या बाईचं सोंग! बाई निवडणूक हरून घरी बसली होती ना, मग आता टिंगल करायला काय जातं? आणि करणारे कोण, तर वर्षापूर्वी तिची वीस कलमं शाळकरी पोरांसारखी घडाघडा म्हणून दाखवणारे. वा रे शूर!

पण मंडई म्हणजे काही नुसता तमाशा नव्हे. दिवाळी झाली की पाहुणे यायचे, दिवसा दंडार पाहायची, आणि त्याच गर्दीत पोरापोरींचं जमवून टाकायचं, अशी आपली रीत. सुखरामच्या बेबीला आपल्या पोरासाठी पाहायला मोहाडीकडचा घनश्याम बायकोला घेऊन येणार होता. याआधी आलेली स्थळं 'बाप लुगडं नेसून नाचते' म्हणून परतली होती. हेही गेलं तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, याच काळजीनं सुखराम अर्धा झाला होता.

त्यात मध्यस्थ टिकारामनं आणखी भर घातली. "भाऊ, जपून. घनश्यामच्या घरी बाईचा फोटो लटकून राहिला. म्या सोता पाह्यला. पक्का भक्त आहे तो. टिंगल केली तं सोयरीक गेली समज."

"अन् नाही केली तं गाव हाणल मले!"

"किती सांगतलं, सोडा हे लुगडं," रंभाबाई म्हणाली. बायकोच ती, ती कशाला सोडते? "आता भोगा."

दंडार उभी राहिली. केसांत चुन्याचा पांढरा पट्टा ओढून, पदर सावरत सुखराम आला तशा शिट्ट्या पडल्या.

"म्या गरिबी हटवली!"

"कोठी हटवली व बाई? माह्या घरी तं बसूनच आहे!" जोडीच्या सोंगाड्यानं टोला हाणला.

मंडप हसला. पहिल्या रांगेतला घनश्याम तेवढा मान खाली घालून बसलेला. सुखरामनं ते पाहिलं. त्यानं सोंग एकदम मवाळ केलं. बँका गरिबांच्या केल्या, कर्जं माफ केली, असं गुणगान सुरू केलं. लोक भडकले. "अबे, दंडार आहे का प्रचारसभा?"

तेवढ्यात घनश्यामची बायको आनंदाबाई उठली. दंडारीत ज्यानं बिदागी दिली, त्यानं सोंगाला थांबवून काहीही विचारावं, आणि सोंगानं सोंगातच राहून उत्तर द्यावं. तिनं सुखरामच्या हातावर रुपया ठेवला आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"सांग बाई, माह्या बुढ्याले कायले कापलं? बैल घ्याले बाजारात गेला, तं गाडीत कोंबून नसबंदीच्या कॅम्पात नेला. डोक्यावरचे केस पिकले त्याचे, शेंडेफळ लग्नाले आलं, अन् तुले भेव कशाचं, अजून पोरं होतील याचं? लोक हसतेत म्हणून हा माणूस घराबाहेर निघत नव्हता. तुया फोटो म्या चुलीपाशी टांगला. रोज दोन शिव्या घालतो, तवा भात शिजते माह्या घरी!"

टिकाराम हळूच खांबामागे सरकला. मेल्याला फोटो दिसला, चूल दिसली नाही.

मघाशी शिट्ट्या मारणाऱ्यांपैकीही त्या गाडीत कोणाचा ना कोणाचा भाऊ, काका गेलाच होता. सुखरामनं पाठ केलेली भाषणं बाजूला ठेवली. त्याला त्या म्हाताऱ्यासाठी भडभडून आलं. तो खाली वाकला आणि त्यानं घनश्यामचे पाय धरले.

"चुकलं माह्यं, दादा. माफ करा."

दिल्लीनं असं म्हटल्याचं करडीत कोणी कधी ऐकलं नव्हतं. घनश्यामनं डोळे पुसले, त्या चुनेरी डोक्यावर हात ठेवला आणि साऱ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाला, "उठा, इहीणबाई. सोयरीक पक्की."

मागून रंभाबाई कडाडली, "अवो, इहीण मी आहो!"