भिकनरावांची हरकत

भिकनरावांना पत्त्यांचा भारी तिटकारा. सिन्नरहून सिडकोत येऊन उभा जन्म गेला, पण पत्त्याला हात लावला नाही. थोरला प्रफुल्ल कॉलेजात असताना रमी खेळताना सापडला, तेव्हा त्याला भर गल्लीत पट्ट्याने फोडून काढला होता. ज्येष्ठांच्या केंद्रातही देवरामभाऊंची चौकडी पत्ते कुटायला बसली, की हे पेपर घेऊन लांबच्या खिडकीशी जायचे आणि जाता जाता चार शब्द सुनावायचे.

त्या केंद्रात अंजलीने मीटिंग बोलावली. केंद्र संस्थेच्या वतीने तीच सांभाळायची. कामाची पोर, पण मीटिंगचं वेड जरा जास्तच. केंद्राशी ज्याचा ज्याचा संबंध, त्या सगळ्यांचं ऐकूनच ठरवायचं, असा तिचा हट्ट. बोलावलंही सगळ्यांना. पुढच्या रांगेत मदत देणाऱ्या अंबडच्या कंपनीचे साहेब, त्यांच्यामागे मुलं-सुना, आणि म्हातारी मंडळी काय, घरचीच, म्हणून शेवटी.

साहेबांना संध्याकाळी हॉलमध्ये शाळकरी मुलांचे कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचे होते. म्हणजे सातला बंद होणारं केंद्र आता चारलाच बंद होणार.

भिकनरावांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. दोघांची घरं एकाच गल्लीत. मे महिन्यात केंद्राला रंग दिला तेव्हा आठवडाभर ते चारलाच बंद व्हायचं, आणि यशोदाबाई उन्हात स्वतःच्या दारासमोर पायरीवर बसलेल्या दिसायच्या. दाराला कुलूप. मुलगा शेखर आणि सून नोकरीवरून सातला येणार. किल्ल्या दोनच, त्या दोघांकडे. घर मात्र यशोदाबाईंच्या नवऱ्याने बांधलेलं.

"हवा घेत बसलेय," त्या म्हणाल्या होत्या. भिकनरावांनी पाण्याचा तांब्या आणून दिला तेव्हा हळूच म्हणाल्या, "कुणाला बोललात तर माझी शपथ आहे. लोक शेखरला नावं ठेवतील."

"सगळ्यांनी मोकळेपणाने बोला हं," अंजली म्हणाली.

मुलं-सुनांनी माना डोलावल्या. शेखरने मागे वळून विचारलं, "आई, तुला चालेल ना?"

"चालेल की," यशोदाबाई म्हणाल्या. "घरीच तर जायचं."

आता मुलासमोर बाई आणखी काय बोलणार? अंजलीने मात्र ते खरं मानून पुढच्या माणसाकडे मोर्चा वळवला. भिकनरावांच्या डोक्यात सणक गेली. ते खुर्ची सरकवून उभे राहिले.

"माझी हरकत हाय!"

"का हो काका?"

का? खरं कारण सांगायची तर चोरी होती. भिकनरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते म्हणाले, "माझा पत्त्यांचा डाव हाय. सातशिवाय संपत नाय."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग हॉलमध्ये हशा पिकला. देवरामभाऊ तर टाळ्या वाजवायला लागले. प्रफुल्लचा चेहरा लालबुंद झाला.

"बाबा, तुम्ही? पत्ते?"

"लय नाद लागलाय," भिकनराव जमिनीकडे बघत म्हणाले. असली नामुष्की त्यांनी जन्मात पत्करली नव्हती.

"खेळू द्या हो काकांना," शेखरच हसत हसत म्हणाला. "या वयात तेवढीच करमणूक." साहेबही हसले. वर्ग मागच्या खोलीत घ्यायचे आणि हॉल सातपर्यंत उघडा ठेवायचा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी देवरामभाऊंनी हाका मारल्या, तरी भिकनराव खिडकीशीच बसले. शेवटी यशोदाबाई पत्त्यांचा जोड घेऊन समोर येऊन बसल्या.

"रमी येते?"

"नाय."

"मग येतं तरी काय?"

"काय बी नाय."

यशोदाबाई बराच वेळ पत्ते पिसत राहिल्या. मग त्यांनी दोघांची पानं वाटली, भिकनरावांच्या हातातली स्वतःच लावून दिली.

"बाई, एक किल्ली करून मागा की शेखरकडं," भिकनराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मागितली तर आजच देईल. पोरगा वाईट नाही माझा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदराने पुसलं. "पण आपल्याच घराची किल्ली मागायची कशी हो? त्याला सुचायला नको?"

भिकनराव हातातली पानं उगाच मागेपुढे करत राहिले.

"उचला पान," यशोदाबाई म्हणाल्या. "सात वाजायला वेळ आहे अजून."