संगणकाची साडेसाती

बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या आमच्या फ्लॅटबाहेर चपलांचा एवढा ढीग माझ्या मुलाच्या, जितेंद्रच्या लग्नातही पडला नव्हता. आत यंत्रानंद स्वामी माझ्या सुनेच्या संगणकाची साडेसाती उतरवत होते आणि ते बघायला अख्खी इमारत लोटली होती. निम्मे इंजिनिअर! दसऱ्याच्या आयुधपूजेला ऑफिसातल्या संगणकाला कुंकू लावणारी मंडळी ही, त्यांना स्वामींचं काय नवल?

झालं होतं असं, की ऋचा, माझी सून, ब्लाउजांवरच्या भरतकामाची नक्षी संगणकावर काढते. नक्षीचा प्रोग्राम जुना, संगणक कोरा करकरीत. दोन फुलं काढली की प्रोग्राम गोठायचा. स्वामींनी सगळ्यांना डोळे मिटायला लावून मंत्र म्हटला की सुरळीत चालायचा. ऋचाने बंद करून पुन्हा उघडला की परत गोठायचा.

"दोष यंत्रात नाही, हिच्या हातात आहे," स्वामी म्हणाले. "हिने हे काम सोडावं, यंत्र आश्रमात द्यावं. नाहीतर घर बसेल!"

आणि माझा जितेंद्र, स्वतः सॉफ्टवेअरवाला, मान डोलावतोय! "आई, प्रत्यक्ष दिसतंय ना?"

पुण्यातली नोकरी सोडून इथे येऊन ऋचाने हा व्यवसाय उभा केला होता. तिचा चेहरा मला बघवेना.

"अंतिम शांती! ओम् प्रोसेसराय नमः! सर्वांनी डोळे मिटा!" स्वामी गरजले.

शिष्याने लोकांसमोर शाल धरली. मी बाजूला, स्वयंपाकघराच्या दारात. गॅसवर दूध ठेवलेली बाई डोळे मिटते होय? मी बघितलं. स्वामींनी माउसचं उजवं बटण दाबलं, एक चौकट उघडली. तीत आठ खुणा. एक ठेवली, बाकीच्या पुसल्या. शाल खाली आली, फुलं भराभर उमटली. शेजारची रम्या तर हात जोडून रडायलाच लागली.

"स्वामी," मी म्हटलं, "आता बंद करून पुन्हा उघडा. शालीशिवाय."

"अज्जी, स्वल्प श्रद्धा ठेवा."

"ठेवते की. तुम्ही उघडा तर!"

सगळे बघत होते. उघडावाच लागला. दोन फुलं, आणि गोठला.

"अगंबाई! तुमच्याही हातात दोष?"

मागून कोणीतरी खुसखुसलं. मी ऋचाला बसवलं. प्रोग्राम पुन्हा उघडायला लावला, कुठे दाबायचं ते बोटाने दाखवलं. "हं, ही चौकट. एक खूण ठेव, बाकीच्या पूस."

तिने पुसल्या. फुलांमागून फुलं, मग अख्खा मोर पिसाऱ्यासकट.

जितेंद्रने कपाळावर हात मारला. "आई, या संगणकात आठ प्रोसेसर आहेत. हा प्रोग्राम एकाच प्रोसेसरच्या काळातला. त्याची कामं आठांवर एकदम सुरू झाली की एकमेकांत अडकतात. स्वामींनी त्याला एकावरच चालवलं. प्रोग्राम बंद केला की पुसलेल्या खुणा परत येतात."

"म्हणजे एका बाईच्या ओट्यावर आठ जणी पोळ्या लाटायला उभ्या! एवढं साधं, आणि तुझ्या पदवीला सुचलं नाही?"

स्वामी कधी सटकले, कळलंही नाही.

बायांनो, चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, उघड्या डोळ्यांसमोर पुन्हा करा, मग दुसऱ्याच्या हातून करवा. खरं असेल ते टिकेल. आणि घरात काही बिघडलं तर सुनेचे हात बघत बसू नका. जे बिघडलंय ते उघडून बघा.