जावयाचा कॅमेरा आणि साहेबांचं टक्कल

टाइल्सच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बावीस वर्षं डोळ्यात तेल घालून बसलेल्या बाईला सगळे 'घार' म्हणत. पट्ट्यावरून टाइल सरकत आली की ती एकदाच बघायची आणि केसाएवढा तडा असला तरी उचलून भंगारात भिरकावायची.

अशा बाईच्या आणि तिच्या टेबलावरच्या आणखी तिघींच्या जागी कंपनीने कॅमेरा बसवायचं ठरवलं. बसवायला इंजिनिअर आला तो नेमका तिचाच जावई. सगळा कारखाना खूश झाला. घरचं भांडण फुकटात बघायला कोणाला नको असतं?

"आई, घाबरू नका," जावई म्हणाला.

"घाबरायला तुम्ही काय वाघ आहात, जावईबापू? पण माझ्या पोटावर पाय द्यायला कंपनीला माझ्याच लेकीचा नवरा सापडावा?"

जावयाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर रंगीत चौकोन होते: एक कॅमेऱ्याचा, एक दोष ओळखण्याचा, एक खराब माल बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचा. प्रोग्राम लिहायची भानगड नाही, रेघा ओढून चौकोन जोडायचे की झालं. मात्र दोष ओळखणाऱ्या चौकोनाला आधी शिकवावं लागायचं. हजारभर फोटोंवर दोषाभोवती चौकट आखायची आणि दोषाचं नाव लिहायचं. ते काम आलं घारीकडे.

पहिल्या दिवशी तिने चाळीस खराब टाइल्सच्या फोटोंवर बिनदिक्कत 'चांगली' लिहिलं. शिक म्हणावं मेल्या! पण घरी गेल्यावर तिला जेवण गोड लागेना. आपल्या हातून खराब माल पास झाला, ही गोष्ट तिला भाजीतल्या खड्यासारखी टोचत राहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिने ते चाळीसही फोटो दुरुस्त केले. तडा, टवका, चकाकीच्या लेपाचा ओघळ, सगळं जिथल्या तिथे लिहिलं.

महिन्याने मोठे साहेब प्रात्यक्षिक बघायला आले. पट्टा सुरू झाला. साहेब कौतुकाने कॅमेऱ्याखाली वाकले आणि दांड्याने टाइल भंगारात ढकलली. मागची ढकलली. तिच्या मागचीही. पडद्यावर प्रत्येक टाइलवर तेच: 'ओघळ, सत्त्याण्णव टक्के'.

जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने आकडे खालीवर केले, सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. टाइल्स फुटतच होत्या. घारीला वाटलं, त्या चाळिसांतला एखादा फोटो राहिला की काय? तिने पुढे होऊन पडद्यात नीट पाहिलं. चकचकीत टाइलमध्ये दिव्याखालचं साहेबांचं टक्कल लख्ख उमटलं होतं, आणि यंत्राने त्याच्याभोवती इमानदारीत चौकट आखली होती.

तिने जावयाच्या कानात सांगितलं. त्याने साहेबांकडे चोरून पाहिलं. "आई, हे मी कसं बोलू?"

गप्प बसली असती तर कॅमेरा त्याच दिवशी गोणीत भरून परत गेला असता. पण चांगला माल तिच्या डोळ्यांदेखत फुटत होता.

"साहेब, जरा मागे सरा," घार म्हणाली. "तुमचं डोकं खराब माल म्हणून धरतंय ते."

साहेब मागे सरले. टाइल पास झाली. पुढे वाकले, दांडा फटकन पुढे आला. साहेबांनी तीनदा पुढेमागे करून पाहिलं, टकलावरून हात फिरवला आणि पोट धरधरून हसले. मग उरलेल्यांना हसायची परवानगी मिळाली.

कॅमेऱ्याभोवती काळ्या कापडाचा तंबू बसला. तपासणीच्या चौघींपैकी तिघींना पॅकिंगला पाठवलं, आणि त्या आठवडाभर घारीशी बोलल्या नाहीत. तिला ते लागलं. तिची स्वतःची खुर्ची मात्र पडद्यासमोर गेली. यंत्राला शंका आलेली प्रत्येक टाइल आता तिच्यापुढे येते.

जावई दुसऱ्या कारखान्यांतही कॅमेरे बसवतो आणि अडला की सासूला फोन करतो. "दिवसातून चारदा तुला फोन," लेक कुरकुरते, "आणि मला विचारतो, भाजी काय आणू!"

"तुला विचारतो ना? मग बरोबर आणतो का ते बघ," घार म्हणते आणि पुन्हा वाजलेला फोन घ्यायला उठते.