कॅमेऱ्यामागचे काकासाहेब

शहागडात काकासाहेबांनी फोटो काढला नाही असं लग्न शोधून सापडायचं नाही. पण हा माणूस स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर आला म्हणाल, तर फक्त आधारकार्डापुरता. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध. सून आकांक्षानं आधारचाच फोटो मोठा करून, जालन्याहून फ्रेम करून आणला.

उषाबाईंनी तो पाहिला आणि त्यांचं मन खट्टू झालं. कपाळाला आठ्या, डोळे वटारलेले, दटावून बसवल्यासारखा चेहरा.

"तेच हायेत, पण त्यांचं काहीच न्हाई यात," त्या म्हणाल्या.

आकांक्षा बदनापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. ती हसली. "आई, मी पोरांना सध्या हेच शिकवून राह्यले. 'फोटो ऑफ काकासाहेब' म्हणजे ज्यात ते दिसतात तो. पण 'काकासाहेब्ज फोटो' म्हटलं, की त्यांनी जपलेला, नाहीतर त्यांनी काढलेलाही चालतो."

"ते दिसले न्हाई तरी?"

"बिलकुल."

उषाबाई उठल्या. कपाटातून त्यांनी एक जुना फोटो काढला. चुलीपुढं बसलेली विशीतली उषा, धुरानं डोळे भरलेले, आणि तरी खुदूखुदू हसणारी.

"मंग उद्या हा ठेवा."

श्राद्धासाठी आलेले दीर बद्रीनाथ भडकलेच. "वहिनी, जित्या माणसाचा फोटो श्राद्धाला? काय बोलून राह्यलात?"

रीत काय उषाबाईंना ठाऊक नव्हती? पण वर्षभरातच नवऱ्याचा चेहरा आठवणीतून पुसट होत चालला होता. उद्यापासून भिंतीवर तो वटारलेला चेहराच राहिला, तर खरा माणूस कायमचा जाईल, याचीच त्यांना धास्ती होती.

"हार घालू नका, कुंकू लावू नका," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, बराबर बघा. मी कुणाकडं बघून एवढी हसून राह्यले?"

बद्रीनाथांनी फोटो हातात घेतला. मग त्यांनी आधारची फ्रेम चौरंगावर ठेवली आणि उषाबाईंचा फोटो त्या फ्रेमकडं तोंड करून समोर, हारापासून लांब टेकवला.

"दादा फोटो काढताना असाच समोर उभा ऱ्हायचा," ते पुटपुटले.

उषाबाई रडता रडता हसल्या. "मला थोडं मागं सारा, भाऊजी. एवढ्या जवळून माझं नाक मोठं येतं म्हणायचे ते."