गंजीत लपवलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची काठी आहे. मिरजेच्या बाजारात राहीबाईंनी मला घेतले, तेव्हा मी नवी, तुकतुकीत होते. त्यांचे यजमान आकाराम पैलवान नुकतेच दवाखान्यातून बाहेर आले होते. "गुडघा झिजलाय. वजन उतरवा, बैठका बंद करा, काठी धरा," असे डॉक्टरांनी बजावले होते. पैलवानांनी मला पाहिले आणि मान फिरवली.

पन्नाशी उलटलेल्या या माणसाची कुस्ती केव्हाच सुटली होती, पण खुराक सुटला नव्हता. दूध, तूप, बदाम रोज तसेच. वाढलेला भार सगळा गुडघ्यावर. दुखले की म्हणत, "बैठका मारल्या की मोकळा हुतोय," आणि आणखी बैठका मारत. घरात ते मला धरत. वाटेत माणूस दिसला की धोतराआड लपवत. आपण ज्याच्या हाती असू, त्याची बेअब्रू होते, याची मला फार लाज वाटे.

१९७४च्या गावजत्रेत जुन्या पैलवानांना फेटे बांधणार होते. मैदानाजवळ येताच त्यांनी मला कडब्याच्या गंजीत खुपसले.

"आवं, घिऊन जावा की," राहीबाई म्हणाल्या.

"गाव बघतंय. गप ऱ्हा."

गंजीतून मला सगळे दिसत होते. फेटा बांधून झाला. आखाड्याची तांबडी माती कपाळाला लावायला पैलवान वाकले, गुडघा टेकला, आणि उठता येईना. हात टेकून पाहिले, पुन्हा खाली बसले. हलगी थांबली. कुणीतरी हसले. पैलवानांनी मान खाली घातली. जिथे माझे काम होते, तिथे मी नव्हते.

त्यांचे जुने प्रतिस्पर्धी धनाजी पैलवान पुढे आले. "हात दे, गड्या."

"हातानं न्हाई हुयाचं," आकाराम म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "गंजीत माजी काठी हाय. आन."

त्या मातीत कुणी चपलासुद्धा नेत नसे. धनाजींनी मला गंजीतून काढले, खांद्यावरच्या पंच्याने माझे टोक पुसले आणि अनवाणी मला आत घेऊन आले. पैलवान माझ्यावर भार टाकून उठले. मागे पुन्हा कुणी हसले, पण या वेळी त्यांनी मला धोतराआड घेतले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातला जुना खेळाडू पायरी उतरताना थांबत असेल, तर त्याला जोर दाखवायला लावू नका. वेळेवर डॉक्टरकडे न्या. आणि त्याने लपवलेली काठी सापडलीच, तर काही न बोलता त्याच्या हातात आणून द्या.